दरबाऱ्याची तसबीर

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात, ज्या इमारतीत मोना लिसा आहे त्याच इमारतीत, राफाएल या इटालियन चित्रकाराने काढलेली एका गृहस्थाची तसबीर आहे. कापडावर तैलरंगात काढलेले हे चित्र फार मोठे नाही. उंची ८२ सेंटिमीटर आणि रुंदी ६७. गृहस्थ कमरेपर्यंत दिसतो. अंगात हिवाळी काळा पोशाख, बाह्यांवर करडी मऊ फर, छातीशी पांढरा सदरा, डोक्यावर फेट्याची आठवण करून देणारी काळी टोपी. दाढी भरघोस, डोळे निळे, दोन्ही हात एकमेकांत गुंतवून समोर ठेवलेले. मागे ना खिडकी, ना पडदा, ना झाडे-डोंगर. काळा, करडा आणि पांढरा एवढ्या तीनच रंगांच्या छटांवर सारे चित्र उभे आहे. एखाद्या जाणत्या गवयाने तीन स्वरांतच राग उभा करावा तसा हा प्रकार आहे.

चित्रातला माणूस म्हणजे काउंट बाल्दासारे कास्तिल्योने. दरबारात वागावे कसे, बोलावे कसे, यावर त्याने लिहिलेला ‘इल कोर्तेजानो’, म्हणजे ‘दरबारी’, हा ग्रंथ युरोपात कित्येक पिढ्या वाचला गेला. मी काही चित्रकलेचा अभ्यासक नव्हे. चार मुलांना गाणे शिकवणे हा माझा व्यवसाय. परंतु दरबारच्या गवयाच्या घरात लहानाचा मोठा झाल्यामुळे दरबार, चाकरी आणि धन्याची मर्जी हे शब्द सारेगमच्या आधी माझ्या कानांवर पडले. म्हणूनच असेल, या दरबाऱ्याचे चरित्र आणि त्याच्या तसबिरीचा हातोहात झालेला प्रवास मला एकाच कथेची दोन अंगे वाटतात. बडोदेकर वाचकांनाही ती परकी वाटू नयेत.

कास्तिल्योनेचा जन्म १४७८ साली, उत्तर इटलीत मांतुआजवळच्या कासातिको या गावी झाला. बाप शिपाईगडी, आई लुइजा ही मांतुआच्या राजघराण्याच्या, गोन्झागांच्या, एका शाखेतली. मुलाला मिलानला पाठवून लॅटिन आणि ग्रीक शिकवले. त्या वेळी मिलानच्या गादीवर लुदोविको स्फोर्त्सा होता आणि त्याच्या पदरी खुद्द लिओनार्दो दा व्हिन्ची होता. दरबार म्हणजे काय हे मुलाने तेथे पाहिले, आणि दरबार किती झटकन कोसळतो हेही. १४९९ साली फ्रेंचांनी मिलान घेतले, लुदोविको परागंदा झाला आणि त्याच वर्षी कास्तिल्योनेचे वडील वारले. एकविसाव्या वर्षी घरची जबाबदारी अंगावर घेऊन तो मांतुआला परतला आणि मार्क्विस फ्रान्चेस्को गोन्झागा याच्या चाकरीत शिरला.

तेथून १५०४ साली तो उर्बिनोच्या ड्यूककडे गेला. जुन्या धन्याने निरोप दिला खरा, पण नाराजीने. ती नाराजी पुढे कित्येक वर्षे त्याला भोवली. उर्बिनो म्हणजे डोंगरातले लहानसे संस्थान. ड्यूक ग्विदोबाल्दो विद्वान आणि सज्जन होता, पण संधिवाताने जर्जर झालेला. रात्रीचे जेवण झाले की तो बिछान्याला जाई आणि दरबारातली मंडळी डचेस एलिझाबेत्ताच्या दालनात जमत. तेथे गाणे होई, नाच होई, वादविवाद चालत. कवी, धर्माधिकारी, सरदार, विदूषक सगळे गोल बसत. कास्तिल्योनेच्या आयुष्यातला हा सर्वांत सुखाचा काळ. पैशाचे मात्र सुख नव्हते. आईला लिहिलेल्या त्याच्या पत्रांत पैशाच्या अडचणी पुन्हा पुन्हा येतात. दरबारी माणसाचा थाट आणि दरबारी माणसाची थैली यांचे जमत नाही, हा अनुभव जगात सगळीकडे सारखाच दिसतो.

राफाएल याच उर्बिनोचा. कास्तिल्योनेपेक्षा पाच वर्षांनी लहान. त्याचे वडील जोव्हान्नी सांती हेही चित्रकार, आणि त्यांचे काम उर्बिनोच्या दरबारासाठी चाले. म्हणजे राफाएलही दरबारच्या छायेत वाढलेला कलावंताचा मुलगा. एक सरदार आणि एक कारागिराचा पोर यांची मैत्री व्हावी, आणि ती मरेपर्यंत टिकावी, ही त्या काळात सहज घडणारी गोष्ट नव्हती.

१५०६ साली कास्तिल्योने इंग्लंडला गेला. राजा सातवा हेन्री याने ग्विदोबाल्दोला गार्टर हा मानाचा किताब दिला होता आणि आजारी धन्याच्या वतीने तो स्वीकारायचा होता. पुढे ‘दरबारी’ ग्रंथ लिहिताना त्याने याच प्रवासाचा मोठा सुंदर उपयोग केला. ग्रंथातला संवाद १५०७ सालच्या चार रात्री उर्बिनोच्या दालनात घडतो. उत्तम दरबारी कसा असावा, हा विषय. बोलणारे सगळे खरेखुरे लोक. आपण मात्र त्या वेळी इंग्लंडात होतो, ही हकिकत दुसऱ्याकडून ऐकली, असे सांगून लेखक स्वतः बाजूला राहतो. आपल्याच मैफलीत मागे बसून तंबोरा धरावा तसे.

या ग्रंथातला एक शब्द फार गाजला: स्प्रेझातुरा. त्याला नेमका मराठी प्रतिशब्द नाही. जे करायचे ते असे करावे की त्यामागचे कष्ट दिसू नयेत, जणू आपोआप, सहज घडले असे वाटावे, हा त्याचा आशय. गाणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. तान घेताना ज्याच्या मानेच्या शिरा फुगतात आणि तोंड वेडेवाकडे होते, त्याचा रियाज कितीही असो, ऐकणारा तान सोडून तोंडच पाहत बसतो. उलट समेवर जो अलगद येतो, त्याने ती जागा आयुष्यभर घोटलेली असते. माझ्या विद्यार्थ्यांना मी जे रोज ओरडून सांगतो, ते या गृहस्थाने पाचशे वर्षांपूर्वी न ओरडता लिहून ठेवले आहे.

संगीताविषयी त्याचे म्हणणे सविस्तर आहे. दरबाऱ्याला गाता यावे, स्वरलिपी वाचता यावी, निरनिराळी वाद्ये वाजवता यावीत. तंतुवाद्याच्या साथीने एकट्याने गाणे हे त्याला सर्वांत श्रेष्ठ वाटते. पण पुढे तो एक अट घालतो, आणि तेथे मी थबकतो. दरबाऱ्याने गावे ते विरंगुळा म्हणून, आग्रह झाला म्हणून. पोटासाठी गाणाऱ्यासारखे दिसता कामा नये. म्हणजे ज्या दालनात तो बसला होता तेथे गाणारे दोन प्रकारचे होते. एक गाणे येणारे सरदार आणि दुसरे पगारी गवई. पहिल्यांसाठी त्याने ग्रंथ लिहिला. दुसऱ्यांसाठी लिहिणारा कोणी नव्हता. माझे वडील दुसऱ्या प्रकारातले. वाद्य जुळवून तासन्‌तास तिष्ठत बसणे आणि हुजुरांचा निरोप आला की नुकतेच बसलो आहोत अशा प्रसन्नतेने सुरुवात करणे, ही त्यांची स्प्रेझातुरा. आपल्याकडे दरबारच्या कलावंतांचे खातेच कलावंत कारखाना या नावाने ओळखले जाई. त्या नावात जो रोखठोकपणा आहे तो इटालियन ग्रंथात नाही. तरीही कास्तिल्योनेवर माझा राग नाही. कारण पुढचे आयुष्य वाचले की कळते, सरदार असूनही तो चाकरच होता, आणि त्याच्या चाकरीचा ताल त्याच्या हातात कधीच नव्हता.

१५०८ साली ग्विदोबाल्दो वारला. त्याचा दत्तक वारस फ्रान्चेस्को मारिया देल्ला रोव्हेरे याने कास्तिल्योनेला ठेवून घेतले, १५१३ साली नोव्हिलारा हे ठाणे आणि काउंट ही पदवी दिली आणि वकील म्हणून रोमला पोपच्या दरबारी पाठवले. राफाएल त्या वेळी रोममध्ये पोपचे महाल रंगवीत होता आणि त्याची कीर्ती शिगेला पोहोचली होती. दोघे उर्बिनोकर पुन्हा भेटले. १५१४-१५ च्या हिवाळ्याच्या सुमारास राफाएलने मित्राची तसबीर काढली. तिच्यात दरबाराची कसलीही खूण नाही. कोणत्या धन्याचा हा माणूस, हे तिच्यावरून सांगता येणार नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या वतीने बोलणारा हा वकील येथे तेवढा स्वतःच्या वतीने बसला आहे.

सगळ्यांना ती आवडली असे मात्र नाही. दोघांचाही मित्र असलेला विद्वान पिएत्रो बेम्बो याने १५१६ सालच्या एका पत्रात लिहिले की, राफाएलने काढलेली कवी तेबाल्देओची तसबीर इतकी हुबेहूब आहे की तिच्यापुढे कास्तिल्योनेची तसबीर एखाद्या शिष्याने काढल्यासारखी वाटावी. काळाने या निकालाची गंमत केली आहे. तेबाल्देओची ती तसबीर आज उपलब्ध नाही, आणि शिष्याच्या हातची वाटलेली ही जगातल्या श्रेष्ठ तसबिरींत गणली जाते.

त्याच १५१६ साली पोप लिओ दहावा याने उर्बिनोच्या ड्यूकला हुसकून लावले आणि ती गादी स्वतःच्या पुतण्याला दिली. ज्या पोपच्या दरबारी कास्तिल्योने आपल्या धन्याची बाजू मांडीत होता, त्यानेच त्याचा धनी उखडला. नोव्हिलारा गेले, पगार गेला. तो मांतुआला, आईकडे परतला आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी इप्पोलिता तोरेल्ली हिच्याशी त्याने लग्न केले. ती त्याच्यापेक्षा पुष्कळच लहान होती. १५१७ साली मुलगा कामिल्लो झाला. पण दरबाऱ्याला घर कुठले! १५१९ साली मांतुआच्या कामासाठी त्याला पुन्हा रोमला जावे लागले.

रोममधून त्याने लॅटिनमध्ये एक कविता लिहिली; कल्पना अशी की, मांतुआत राहिलेली पत्नीच आपल्याला पत्र लिहीत आहे. त्यात ती सांगते की, तुमच्या विरहात राफाएलने काढलेली तुमची तसबीर हाच माझा आधार आहे. मी तिच्याशी हसते, थट्टा करते, ती आता उत्तर देईल असे वाटते. आणि आपले बाळ बोबड्या बोलांनी त्या चित्रातल्या बापाला हाका मारते. ही तसबीर कशासाठी होती ते येथे कळते. ती महालात टांगण्यासाठी नव्हती, बाजारासाठी तर नव्हतीच. घरचा माणूस घरी नसे, म्हणून त्याच्या जागी ती घरात होती.

१५२० साल मात्र त्याच्यावर तुटून पडले. ६ एप्रिलला राफाएल वारला, वय अवघे ३७. या दोघांनी मिळून पोपला एक निवेदन लिहिले होते. प्राचीन रोमचे अवशेष चुन्याच्या भट्ट्यांत जात आहेत, ते वाचवा, अशी त्यात विनवणी होती. ते काम अर्धेच राहिले. राफाएलवाचून रोममध्ये असूनही आपण रोममध्ये आहोत असे वाटत नाही, असे त्याने आईला कळवले. ऑगस्टमध्ये तिसऱ्या बाळंतपणानंतर इप्पोलिता गेली. त्या वेळीही तो रोममध्येच होता, घरी नव्हता. ज्या तसबिरीशी ती बोलत असे तिच्याशी आता बोलणारे कोणी उरले नाही.

पुढच्या वर्षी त्याने धर्मदीक्षा घेतली. १५२४ साली पोप क्लेमेंट सातवा याने त्याला आपला वकील म्हणून स्पेनला, सम्राट पाचव्या चार्ल्सकडे पाठवले. पोप आणि सम्राट यांच्यात वैर वाढत होते आणि मध्ये हा सज्जन माणूस. मे १५२७ मध्ये पगार थकलेल्या सम्राटाच्या फौजेने रोममध्ये घुसून शहर लुटले. पोप किल्ल्यात कोंडला गेला. आपल्या वकिलाने आपल्याला आधी सावध का केले नाही, असा ठपका पोपने कास्तिल्योनेवर ठेवला. त्याने सविस्तर उत्तर लिहून आपली बाजू मांडली आणि पोपला ती पटलीही. पण माणूस आतून मोडला तो मोडलाच.

‘दरबारी’च्या शेवटच्या भागात त्याने लिहिले होते की, दरबाऱ्याचे गाणे, नाचणे, घोडेस्वारी हे सारे साधन आहे, धन्याचा विश्वास संपादून त्याला निर्भयपणे सत्य सांगणे आणि सन्मार्गावर आणणे हे साध्य. त्याने स्वतः किती धनी पाहिले! एक आजारी, एक पदच्युत, एक रागावलेला, एक किल्ल्यात कोंडलेला. सत्य ऐकण्याच्या अवस्थेत त्यांतला कोणी होता, असे म्हणवत नाही. ग्रंथ तरी त्याने कुठे आपणहून छापला? व्हित्तोरिया कोलोन्ना या विदुषीला वाचायला दिलेल्या हस्तलिखिताच्या नकला नेपल्समध्ये फिरू लागल्या, तेव्हा कोणी भलताच छापील म्हणून १५२८ साली व्हेनिसला त्याने तो छापवला. तोपर्यंत त्या चार रात्रींतली बहुतेक मंडळी मरून गेली होती. डचेस एलिझाबेत्ताही १५२६ साली गेली होती. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १५२९ मध्ये, स्पेनमध्ये तोलेदो येथे तापाने त्याचा अंत झाला. वय पन्नास. जगातला एक श्रेष्ठ सरदार गेला, असे उद्‌गार सम्राटाने काढले म्हणतात. म्हाताऱ्या आईने मुलाचे शव मांतुआजवळ आणवले आणि राफाएलचा शिष्य जुल्यो रोमानो याने आखलेल्या थडग्यात ते इप्पोलिताशेजारी ठेवले.

आता तसबिरीचे पाहू. रुबेन्सने तिची नक्कल केली. ती लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहात आहे. रुबेन्सही तरुणपणी मांतुआच्या दरबारचा चित्रकार होता आणि पुढे राजांचा वकील झाला, तेव्हा या चेहऱ्यात त्याला आपलेपणा वाटला असेल तर नवल नाही. मूळ चित्र मात्र घराण्याच्या हातून सुटले आणि व्हेनिसमध्ये व्यापार केलेल्या लुकास फान उफेलेन याच्या संग्रहातून आम्स्टरडॅमला आले. १६३९ च्या एप्रिलमध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, तेथे त्याच्या चित्रांचा लिलाव झाला.

लिलावाला गर्दीत रेम्ब्रांट होता. वय बत्तीस. त्याने शाईने घाईघाईत या तसबिरीचे रेखाटन केले आणि शेजारी, एखाद्या दुकानदाराने वहीत टिपावे तसे, टिपून ठेवले की हे चित्र ३,५०० गिल्डरांना गेले आणि साऱ्या संग्रहाचे ५९,४५६ आले. हा कागद आज व्हिएन्नाच्या आल्बेर्तिना संग्रहात आहे. त्या रकमेचा अंदाज हवा असेल तर असा: त्याच वर्षी रेम्ब्रांटने आम्स्टरडॅमला मोठे घर घेतले, त्याची किंमत १३,००० गिल्डर. म्हणजे एका तसबिरीची किंमत घराच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. योआखिम फोन झान्द्रार्त या जर्मन चित्रकाराने ३,४०० पर्यंत बोली नेली होती. पण शंभर जास्त टाकून अल्फोन्सो लोपेझ या व्यापाऱ्याने ती उचलली. लोपेझ फ्रान्सच्या सरकारसाठी खरेदी करणारा माणूस.

रेम्ब्रांटजवळ बोली लावण्याइतका पैसा नव्हता. पण जे घ्यायचे ते त्याने डोळ्यांनी घेतले. त्याच वर्षीच्या एका छापचित्रात आणि १६४० च्या, आता लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहात असलेल्या, रंगीत चित्रात त्याने स्वतःला जवळजवळ याच डौलात बसवले आहे. पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा काउंटच्या बैठकीत बसला! ज्या ग्रंथाने पोटासाठी राबणाऱ्या कलावंताला दाराबाहेर ठेवले, त्याच्या कर्त्याची जागा एका पोटार्थी चित्रकाराने अशी पटकावली. मला या साऱ्या हकिकतीत याहून आवडलेला प्रसंग नाही. घराचे कर्ज मात्र रेम्ब्रांटला शेवटी पेलले नाही. १६५६ साली त्याचे दिवाळे निघाले आणि त्याने जमवलेली चित्रेही लिलावात गेली.

लोपेझकडून ती तसबीर फ्रान्सला गेली आणि कार्डिनल माझारँच्या संग्रहात पोहोचली. जन्माने इटालियन असलेला हा धर्माधिकारी फ्रान्सचा मुख्य मंत्री होता. मरणाची चाहूल लागल्यावर तो आपल्या दालनांतून पाय ओढीत चित्रांपुढे उभा राहून, हे सारे सोडून जावे लागणार, म्हणून हळहळत असे, अशी आख्यायिका आहे. १६६१ साली तो वारला आणि त्याच्या वारसांकडून राजा चौदावा लुई याने ही तसबीर घेतली. ज्याच्या दरबारात सरदारांना राजाच्या उठण्या-निजण्याला हजेरी लावावी लागे, त्या राजाकडे दरबाऱ्यांच्या गुरूचे चित्र आले. पुढे राज्यक्रांती झाली. १७९३ साली लूव्रचा राजवाडा संग्रहालय म्हणून लोकांना खुला झाला आणि राजाची चित्रे राष्ट्राची झाली. बायकोच्या भिंतीवरची तसबीर व्यापाऱ्याकडे, दलालाकडे, मंत्र्याकडे, राजाकडे फिरून शेवटी कोणाचीच नाही आणि सर्वांची आहे, अशी झाली.

हे आपल्या शहराला समजण्यासारखे आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी लंडनचे कलासमीक्षक मॅरियन स्पीलमन यांच्या सल्ल्याने युरोपातली जुनी चित्रे जमवली आणि कमाटीबागेतील संग्रहालयात १९२१ साली ती लोकांसाठी खुली केली. तेथे त्यासाठी क्रांती व्हावी लागली नाही, एवढा फरक. १९४९ च्या मे महिन्यात संस्थान विलीन झाले. दरबार गेला, मर्जी गेली, मानकरी गेले. चित्रे राहिली, आणि गाणेही राहिले. ते आता शाळेच्या घंटेवर शिकवले जाते आणि फी भरणाऱ्या कोणालाही शिकता येते. दरबारच्या चाकरीत वाढलेल्या घरांना यात हानीही दिसते आणि लाभही. दोन्ही खरे आहेत.

ज्या वाचकांना पॅरिसला जाण्याचा योग येईल त्यांनी मोना लिसापुढची गर्दी पाहून झाल्यावर या गृहस्थापुढे दहा मिनिटे उभे राहावे. प्रथम फार काही दिसत नाही. मग फरीचा मऊपणा दिसतो, काळ्यातले निरनिराळे काळे दिसतात, आणि हळूहळू ते निळे डोळे. त्यांत तक्रार नाही, गर्व नाही, थोडी थकवा आल्यासारखी आर्द्रता आहे. लहानग्या कामिल्लोने ज्याला बोबड्या शब्दांत हाका मारल्या तो हाच चेहरा.